रिटर्न भरणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

नीरेकाठ

माझ्या दाजींचं फलटणला नळ-सॅनिटरीचं दुकान आहे. उलाढाल वर्षाला ८०-९० लाख, गिऱ्हाईक बहुतेक छोटे ठेकेदार. मागच्या महिन्यात त्यातला एक काउंटरवर येऊन म्हणाला, "शेठ, तुमची बिलं माझ्या टू-बीत दिसत नाहीत, माझं क्रेडिट अडकलंय." टू-बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी; बिल तिथे नसलं तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. दाजींनी जीएसटी रिटर्न भरणाऱ्या आपल्या सल्लागाराला फोन लावला. "पोर्टलचा प्रॉब्लेम आहे, दोन दिवसांत होईल." दोनाचे पंधरा झाले. शेवटी मी पुण्याहून गेलो आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघितला. नोंदणी रद्द! सात महिन्यांची रिटर्नं भरलेलीच नव्हती.

रद्द करण्याआधी कारणे दाखवा नोटीस निघाली होती. मग दाजींना कळलं कसं नाही? तर २०१७ साली नोंदणी करताना ईमेल आणि मोबाइल सल्लागारानं स्वतःचा टाकला होता. नोटीस त्याला गेली, ओटीपी त्याला जायचे, पासवर्ड त्याच्याकडे. दाजी दर महिन्याला बिलांची पिशवी आणि १५०० रुपये पोचवत होते, म्हणजे आपलं काम चोख आहे असं समजत होते.

हा माणूस चोर नाही. दाजींचा एक रुपया त्यानं खाल्लेला नाही. दीडशेवर व्यापाऱ्यांचं काम अंगावर घेतलं होतं, हाताखाली दोन मुलं. त्यातला एक सोडून गेला आणि त्याच्याकडच्या फायली तशाच पडून राहिल्या. स्वतःला नवे नियम जमेनात, पण तसं सांगायची लाज वाटली. चोरासाठी कायदा आहे. काम येत नसताना काम घेणाऱ्यासाठी काय आहे? त्याच्या पाटीवर 'करसल्लागार' लिहिलंय. ही पाटी लावायला कुणाची परवानगी लागते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

ताळेबंद

मी सीए आहे, नाशिकला १९ वर्षं प्रॅक्टिस. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: 'करसल्लागार' ही पाटी लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही. 'चार्टर्ड अकाउंटंट' हे बिरुद मात्र १९४९ च्या कायद्यानं राखीव आहे, ते दुसऱ्या कुणी लावलं तर गुन्हा होतो.

आमच्यावर किती पहारे आहेत ते सांगतो. फाउंडेशन, इंटर, फायनल अशा तीन परीक्षा. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आधी ३ वर्षं होती, २०२३ पासून २ वर्षं आहे. प्रॅक्टिस करायची तर ६० वर्षांखालच्या सभासदाला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. २०१९ पासून आम्ही देतो त्या प्रत्येक दाखल्यावर आणि ऑडिट रिपोर्टवर १८ अंकी यूडीआयएन हा ओळख क्रमांक असतो. तो इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर टाकला की सही खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. एका सीएला वर्षाला ६० च टॅक्स ऑडिट करता येतात, आणि ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये कायम ठेवली. चुकीचा दाखला दिला तर प्राप्तिकर कायद्याखाली दर दाखल्यामागे १०,००० रुपये दंड. शिवाय शिस्तपालन समिती आहे, ती सभासदत्व कायमचं काढून घेऊ शकते. मोठ्या आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांचे ऑडिटर २०१८ पासून एनएफआरए या राष्ट्रीय नियामक संस्थेकडेही उत्तरदायी आहेत.

पण हे सगळे पहारे बसवलेत सहीवर. आणि दाजींच्या दुकानाला वर्षभरात एकाही सीएची सही लागत नाही. टॅक्स ऑडिटची सीमा १ कोटी, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटी. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळाच्या ९-सी फॉर्मवर पूर्वी मोठ्या व्यापाऱ्यांना आमची किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागायची. २०२०-२१ पासून तीही गेली, व्यापारी स्वतःच प्रमाणित करतो. म्हणजे तपासून घेतलेला माणूस मोठ्या धंद्याच्या वाट्याला येतो. ज्याला नोटीस वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला कुणीही.

दाजींसाठी सर्वांत जड वाक्य केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ मध्ये आहे: जीएसटी प्रॅक्टिशनरनं (विभागाकडे नोंद असलेल्या रिटर्न भरणाऱ्यानं) भरलेल्या तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीचीच राहील. नोंद असलेल्या प्रॅक्टिशनरच्या बाबतीत हे. तुमच्या माणसानं तर दाजींच्याच लॉगिननं काम केलं. कायद्याच्या नजरेत ती रिटर्नं दाजींनीच भरायची राहिली.

नीरेकाठ

कलम ४८ वाचून रात्री झोप लागली नाही. पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर शोधायची सोय आहे ना, तिथे आमच्या सल्लागाराचं नाव टाकून बघितलं. नाही. म्हणजे गेली इतकी वर्षं तो कुठल्याच यादीत नव्हता.

विक्रीकर_निवृत्त

मी विक्रीकर आणि पुढे राज्य जीएसटी विभागातून निवृत्त झालो. व्हॅटच्या काळात एसटीपी, म्हणजे सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर, विभागाकडे नोंदलेले असत. त्यांचा चेहरा आम्हाला माहीत असे आणि आमचा त्यांना. जीएसटी आल्यावर नियम ८३ आला. वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासनाचा पदवीधर, सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) अंतिम परीक्षा उत्तीर्ण, विभागात राजपत्रित पदावर किमान दोन वर्षं काम केलेला निवृत्त अधिकारी, किंवा पाच वर्षं जुना एसटीपी अशांना पीसीटी-०१ अर्ज करून नोंद घेता येते. त्यानंतर नियम ८३-अ खालची परीक्षा. जुन्या एसटीपींसाठी पहिली परीक्षा ३१ ऑक्टोबर २०१८ ला झाली. १०० प्रश्न, २०० गुण, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला १०० गुण.

गैरवर्तन आढळलं तर अधिकारी पीसीटी-०३ नोटीस काढतो, म्हणणं ऐकतो आणि पीसीटी-०४ आदेशानं त्याला अपात्र ठरवतो. पण ज्याची नोंदच नाही त्याला नोटीस कुठल्या नियमाखाली काढणार? माझ्या टेबलासमोर असे व्यापारी रडलेले आहेत. मी त्यांना कायद्याप्रमाणे व्याज आणि विलंब शुल्क लावलं, कारण माझ्यासमोर फाइल त्यांच्या नावाची होती. सल्लागार बाहेर बाकावर बसलेला असे.

नीरेकाठ, एक शंका. दोन महिने रिटर्न थकलं की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचं बिल, बंद होतं. तेव्हाही दाजींच्या लक्षात आलं नाही?

नीरेकाठ

नाही हो. माल गावातल्या गावात जातो आणि बिलं हजारांतली. महाराष्ट्रात राज्यांतर्गत १ लाखाच्या आत ई-वे बिल लागत नाही. लागलं असतं तर फार आधी जाग आली असती.

पीसीटी०२_कोपरगाव

मी बी.कॉम., नोंदणीकृत जीएसटीपी, म्हणजे जीएसटी प्रॅक्टिशनर. वरचं वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

मी ती परीक्षा दिली आहे. दिवसा ग्राहकांची कामं, रात्री अभ्यास. परीक्षा इंग्रजीत आणि हिंदीत, मराठीत नाही. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. 'इनपुट टॅक्स क्रेडिट' मी किराणा दुकानदाराला मराठीत रोज समजावतो, पण त्याच विषयावरचा प्रश्न हिंदीत वाचताना अडखळलो. तरीही पास झालो. माझं प्रमाणपत्र भिंतीवर आहे आणि गेल्या पाच वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं ते वाचलेलं नाही. पहिला प्रश्न असतो, "महिन्याला किती घेणार?" समोरच्या गल्लीतला परीक्षा न दिलेला माणूस ५०० रुपयांत करतो. मी ८०० सांगितले की दुकानदार उठतो.

नाशिकच्या साहेबांना आदरानं विचारतो: तालुक्याच्या गावात, छोट्या पिठाच्या गिरणीवाल्यासाठी किती सीए बसतात? तिथे आम्हीच असतो. आम्हाला नाकारू नका, आम्हाला तपासा. आणि एकदाच तपासू नका. २०१७ पासून हा कायदा किती वेळा बदलला! मी पास झालो तेव्हा ऑक्टोबर २०२४ ची इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम (पुरवठादारांची बिलं पोर्टलवर स्वीकारायची-नाकारायची सोय) नव्हती. ती मी व्हिडिओ बघून शिकलो. न शिकता बसलो असतो तरी माझं प्रमाणपत्र तसंच वैध राहिलं असतं. सीएला तीन वर्षांत १२० तास, मला शून्य. हे मला माझ्या फायद्याचं वाटत नाही.

दुसरी गोष्ट पासवर्डची. जीएसटीपीला स्वतःचं लॉगिन असतं. व्यापारी पीसीटी-०५ या फॉर्मनं कोणत्या कामाची परवानगी द्यायची ते ठरवतो आणि पाहिजे तेव्हा काढून घेतो. कुणी काय केलं याची नोंद राहते. पण सगळे, अगदी सीएसुद्धा, ग्राहकाचाच पासवर्ड वापरतात कारण ते पटकन होतं. त्यामुळे परीक्षा दिलेला आणि न दिलेला दोघंही पोर्टलला सारखेच दिसतात. सरकारनं पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं.

ताळेबंद

मान्य. माझ्या ऑफिसातही एका वहीत ग्राहकांचे पासवर्ड आहेत. आणि तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही: सीएच्या ऑफिसातली छोटी रिटर्नं बऱ्याचदा आर्टिकल्सच, म्हणजे उमेदवारी करणारी मुलंच, भरतात. चांगला सीए त्यावर नजर टाकतो, घाईत असलेला टाकत नाही.

जर्नल_एंट्री

मी पुण्यात अकाउंटंट आहे, म्हणजे टॅलीत नोंदी करणारी. तीन दुकानांची पुस्तकं लिहिते. इथे सगळे रिटर्नवर बोलतायत, पण रिटर्न हे शेवटचं टोक आहे. चूक त्याच्या फार आधी होते.

माझ्या जागी आधी कामाला असलेल्या मुलानं गोव्याच्या पुरवठादाराच्या बिलांवरचा आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा कर) निम्मा-निम्मा करून सीजीएसटी-एसजीएसटीत (राज्यातल्या खरेदीवरच्या करात) टाकला होता. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायचे, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा, एवढं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर तसंच चाललं. बेरीज जुळत होती, म्हणून सल्लागारानंही बघितलं नाही. मालकाच्या घरच्या मोटारीचं क्रेडिटही घेतलेलं होतं, जे कलम १७(५) प्रमाणे मिळतच नाही. नोटीस आली तेव्हा मालक त्या मुलाला बोलला, मुलगा नोकरी सोडून गेला, आणि तीच चूक तो आता दुसरीकडे करत असेल.

मी शिकले ते एका वयस्कर मुनीमजींकडून. ते दर महिन्याच्या शेवटी पुरवठादाराचं खातं, बँकेचं स्टेटमेंट आणि टू-बी असे तीन कागद शेजारी-शेजारी ठेवायला लावत. एक रुपयाचा फरक निघाला तरी घरी जाऊ देत नसत. सहा महिने मला त्यांचा राग होता. आज कुणी मला विचारलं की अकाउंटंटची परीक्षा कशी घ्यावी, तर मी म्हणेन शंभर गोल रंगवायला देऊ नका. चुकीची नोंद असलेली एक महिन्याची पुस्तकं द्या, बिलांची फाइल द्या आणि सांगा, चूक शोध. अर्ध्या दिवसात कळतं.

यारा_काठी

मेलबर्नमध्ये १४ वर्षं आहे, एका टॅक्स एजंटच्या कार्यालयात काम करते. इकडची पद्धत सांगते, थोडी उपयोगी पडेल.

इथे पैसे घेऊन दुसऱ्याचं टॅक्स रिटर्न भरायचं तर टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाकडे नोंद असावीच लागते. २००९ चा कायदा, मार्च २०१० पासून लागू. नुसती पदवी पुरत नाही, देखरेखीखाली काम केल्याचा अनुभव लागतो, आणि माणूस 'योग्य आणि सचोटीचा' आहे का हेही बघतात. नोंदीचं नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून टॅक्स एजंटला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण आहे. व्यावसायिक चुकीचा विमा सक्तीचा, म्हणजे माझ्या कार्यालयाच्या चुकीनं ग्राहकाचं नुकसान झालं तर भरून द्यायला पैसा असतो. यादी सगळ्यांना खुली आहे, आणि कारवाई झाली असेल तर तीही तिथे दिसते.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती दुसरीच तरतूद. ग्राहकानं एजंटला सगळी माहिती वेळेवर दिली असेल आणि तरी एजंटच्या हलगर्जीपणामुळे रिटर्न चुकलं किंवा उशिरा गेलं, तर कर आणि व्याज ग्राहकाला भरावं लागतं, पण दंड माफ होतो. दाजींची गोष्ट वाचताना हेच आठवत होतं. बिलांची पिशवी त्यांनी वेळेवर पोचवली होती.

इथेही सगळं आलबेल नाही. सरकारनं विश्वासानं दिलेली गोपनीय करविषयक माहिती एका बड्या फर्मच्या भागीदारानं आपल्या लोकांत वाटल्याचं २०२३ च्या सुरुवातीला उघड झालं. त्याच्या ज्ञानात काही कमी नव्हती. पण बोर्डानं त्याची नोंद काढली आणि तसं जाहीर केलं, हे महत्त्वाचं.

हडसन_पलीकडे

न्यू जर्सीहून. अमेरिकेत हा प्रयत्न कोर्टात अडला. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाला आयआरएसचा, म्हणजे इथल्या कर खात्याचा, पीटीआयएन क्रमांक लागतो, पण तो क्रमांक म्हणजे परीक्षा नव्हे. २०११ च्या सुमारास आयआरएसनं परीक्षा आणि दरवर्षीचं शिक्षण सक्तीचं करायला घेतलं. काही प्रिपेअरर कोर्टात गेले आणि २०१३ ला जिंकले. २०१४ ला वरच्या कोर्टानंही तेच कायम केलं की जुन्या कायद्यात आयआरएसला असा अधिकारच नाही. तेव्हापासून ते शिक्षण ऐच्छिक आहे. ऑरेगन, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र राज्याचे स्वतःचे नियम आहेत. बाकी राज्यांत सीपीए (इथले सीए), वकील किंवा एन्रोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला) नसलेला कुणीही आजही करमोसमात दुकान उघडून बसू शकतो.

दुसरी_पाळी

मी व्यापारी नाही, चाकणला कंपनीत कामगार आहे. आमच्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला, म्हणून सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण फॉर्म १६ मागवायचा आणि सांगायचा, कापलेला सगळा टीडीएस परत मिळवून देतो, रिफंडच्या १० टक्के माझे. आमच्या लाइनवरच्या कितीतरी जणांनी दिलं, मीही दिलं. रिफंड खरोखर आला. गोड वाटलं. त्यानं माझ्या रिटर्नमध्ये काय लिहिलं हे मी बघितलंच नाही. नंतर एका सहकाऱ्याला खात्याचा मेसेज आला तेव्हा उघडून बघितलं: राजकीय पक्षाला देणगी, भाड्याचं घर, शैक्षणिक कर्जाचं व्याज. मी स्वतःच्या घरात राहतो आणि आयुष्यात कुठल्या पक्षाला चहासुद्धा पाजलेला नाही.

१४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्यानं अशा एजंटांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असं खात्यानंच सांगितलं. त्या लोकांसारखाच मीही एक. आयटीआर-यू हे चूक दुरुस्त करायचं रिटर्न भरलं, कर, व्याज आणि वर २५ टक्के जादा कर भरला. पकडलं गेल्यावर चुकीच्या माहितीसाठी कराच्या २०० टक्के दंड लागतो असं कळलं, तेव्हा हात थरथरत होते. त्या एजंटाचा नंबर बंद आहे. त्याचं खरं नावही मला माहीत नाही.

माझी चूक मी नाकारत नाही. पण माझ्या रिटर्नवर 'हे कुणी भरलं' असा रकाना सक्तीचा असता आणि त्यात त्याचा नोंदणी क्रमांक भरावा लागला असता, तर तो माणूस या धंद्यात उतरलाच नसता.

विक्रीकर_निवृत्त

दुसरी_पाळी, तुमची सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. परीक्षा, शिक्षण, शिस्तपालन हे सगळं नंतरचं. आधी रिटर्नवर भरणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. नाव आलं की कुणाच्या हातून किती नोंदण्या रद्द झाल्या, किती खोटे दावे गेले, हे संगणक एका मिनिटात सांगेल. आज ते सांगता येत नाही, कारण सगळं करदात्याच्या पासवर्डखाली गाडलेलं आहे. स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्यानं तो रकाना मोकळा सोडावा, त्याला त्रास नको.

पीसीटी०२_कोपरगाव

सहमत. आणि व्यापाऱ्याच्या नावानं भरलेल्या रिटर्नची पोच थेट त्याच्याच मोबाइलवर गेली पाहिजे. नोंदणीतला मोबाइल सल्लागाराचा असेल तर पोर्टलनं तो घेऊच नये. माझ्या एकाच नंबरवर ४० दुकानं दिसली तर संगणकाला संशय यायला हवा.

नीरेकाठ, नोंदणी रद्द झाल्याचा आदेश कधीचा आहे? ९० दिवसांत नोंदणी पुन्हा सुरू करण्यासाठी आरईजी-२१ अर्ज करता येतो. त्याआधी थकलेली सगळी रिटर्नं भरावी लागतील. मुदत जाऊ देऊ नका.

नीरेकाठ

आदेशाला ७० दिवस झाले होते, थोडक्यात वाचलो. काय काय झालं ते सगळ्यांसाठी लिहितो.

दाजी आणि मी आधार, पॅन, दुकानाच्या जागेचे कागद घेऊन साताऱ्याच्या जीएसटी कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी कागद पाहून नोंदणीतला ईमेल आणि मोबाइल बदलून दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा ओटीपी दाजींच्या फोनवर आला. ते बराच वेळ त्या सहा आकड्यांकडे बघत होते.

विलंब शुल्काला उलाढालीप्रमाणे कमाल मर्यादा आहे, दीड कोटीच्या आत प्रत्येक ३-बी ला, म्हणजे कर भरायच्या रिटर्नला, २,००० रुपये. सात महिन्यांचे १४,००० झाले. जीएसटीआर-१ चं, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नचं, शुल्क आणि १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. रिटर्नं फलटणच्याच एका नोंदणीकृत जीएसटीपी ताईंनी भरली, आणि त्यांनी स्वतःच्या लॉगिनमधून काम केलं. आरईजी-२१ मंजूर झाला, नोंदणी पुन्हा सुरू झाली. पैशांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे दोन जुने ठेकेदार दुसऱ्या दुकानात गेले. त्यांचं क्रेडिट आता दिसतंय, पण ते परत आलेले नाहीत.

जुना सल्लागार आज घरी आला होता. सगळ्या फायली नीट बांधून आणल्या आणि घेतलेली सात महिन्यांची फी टेबलावर ठेवली. दाजींनी ती घेतली. बाकीच्या दुकानदारांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला अजून अकरा जणांची अशीच थकलेली आहेत आणि त्यांना कसं सांगावं कळत नाही. आम्ही त्याच्यासमोर बसून अकराही दुकानांचे क्रमांक पोर्टलवर टाकून बघितले. चार नोंदण्या रद्द झाल्यात, त्यातल्या एकाचे ९० दिवस परवा संपतायत. दाजी आत्ता त्याच दुकानात गेलेत.

ताळेबंद साहेब, ९० दिवस उलटून गेलेल्यांना मुदत वाढवून मिळते का? कुणाकडे अर्ज करायचा?

ताळेबंद

मिळते. पुरेसं कारण दिलं तर आयुक्त किंवा त्यांनी अधिकार दिलेले वरिष्ठ अधिकारी आणखी १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतात. पण ज्याचे परवा संपतायत त्याचं आजच हातात घ्या. कागद पाठवा, मी रात्री बसतो.